निळ्याचं काळं होईपर्यंत

निबच्या चिरेत अडकलेला तो कण मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी लहान होता – काळा, खरखरीत, नखाने निघणार नाही असा. तिने निब खिडकीकडे धरली, फिरवली, पुन्हा धरली. दोन्ही बाजूंना सोनेरी कडा आणि मधे तो. काल संध्याकाळीच पेन धुऊन ठेवलं होतं, आधी व्हिनेगर घातलेल्या पाण्याने, मग साध्या पाण्याने, मग टिपकागदावर उभं करून, आणि मगच नवी शाई भरली होती. तरी रात्रीतून कुठून तरी हवा आत शिरली आणि शाईने आपलं काम भलत्या जागी उरकून टाकलं.

या शाईचं असंच होतं. बाटलीत ती जवळजवळ बिनरंगाची असते. जो निळा दिसतो तो लिहिणाऱ्याला आपलं अक्षर दिसावं म्हणून घातलेला नुसता रंग. खरी शाई म्हणजे मायफळातलं आम्ल आणि लोखंडाचा क्षार. ती कागदाच्या धाग्यांत शिरते आणि तिथे हवा लागून सावकाश, दिवसभरात, काळी होते. एकदा काळी झाली की पाण्याने जात नाही, स्पिरिटने जात नाही. पण कागदात जे व्हायला हवं तेच निबच्या आत झालं, की मग पेनाने मौन धरलंच म्हणून समजा...

"आई, ऐकतेयस का?"

"हं."

"मग काय म्हटलं मी?"

मुलगी दप्तर पाठीला लावून दारात उभी होती. तिने आठवून पाहिलं. मुलीचा आवाज आठवत होता, आवाज कुठे चढला तेही आठवत होतं, शब्द मात्र... 'बाई' असा एक शब्द होता बहुतेक. किंवा 'वही'.

"तुझं हं म्हणजे नाही असतं," मुलगी म्हणाली. रागाने नाही; व्याख्या पाठ म्हणावी तसं. आणि जिना उतरून गेली.

"चहा गेला उतू!" नवरा स्वयंपाकघरातून ओरडला. "सवतीची आंघोळ आटोपली असेल तर इकडेही बघा जरा."

सवत म्हणजे पेन. वर्षभर हा विनोद चालू होता आणि ती वर्षभर हसत होती. आज तिने सुईने तो कण काढला, टिपकागदावर टिपला. कागदावर त्याची काळी रेघ उठली नाही. तो तसाच राहिला, कोरडा.

रुग्णालयाच्या तळघरात, औषधं मिसळायच्या खोलीत, तिची खुर्ची काचेच्या अलीकडे होती. काचेपलीकडे हातमोजे, टोपी, मास्क घालून टाचणी बसायची. ती इतकी किडकिडीत आणि बोलायला इतकी टोचरी, की तिचं खरं नाव हजेरीपुरतंच उरलं होतं. वेळेआधी जन्मलेल्या, दूध न पचणाऱ्या बाळांसाठी इथे शिरेतून द्यायच्या बाटल्या तयार होत. साखर, पाणी, क्षार, ज्याला जे लागेल तसं. टाचणी सिरिंजमध्ये औषध ओढायची, सिरिंज काचेला लावून टकटक करायची. हिने सिरिंजवरची रेघ आणि मागणीवरचा आकडा ताडून पाहायचा आणि मान हलवायची. मगच ते बाटलीत जायचं. शेवटी चिठ्ठीवर दोन सह्या. भरणारीची आणि बघणारीची.

पोटॅशियमच्या वेळी ती खुर्चीवरून उठून काचेजवळ जायची. नियमात तसं नव्हतं. पण हृदय चालायला ते लागतंच आणि थोडं जास्त झालं तर हृदय थांबतं, हे ज्याला खरोखर कळलंय त्याने बसून मान कशी हलवावी?

शाई आणली तीही त्याचसाठी... म्हणजे कारण सांगायला स्पिरिट होतं. वॉर्डात बाटली स्पिरिटने पुसतात, त्यात साध्या पेनाच्या सह्या फिसकटतात. ते खरंच होतं. पण त्याआधी एक दिवस तिला जाणवलं होतं की आपली सही आपोआप होतेय, शिक्का पडावा तशी. हात करतोय आणि मी कुठे तरी दुसरीकडे आहे. म्हणून तिने मुद्दाम हे अवघड पेन घेतलं. जे झरझर चालत नाही, जे रोज धुवावं लागतं, जे मागतं. पहिली निब पोलादाची होती. शाईने ती खाल्ली. मग ही. वाटलं, हात अडखळला की मनही थांबेल, बघेल.

आज पहिल्या बाटलीवर पेन उमटलंच नाही. नुसता ओरखडा. तिने निब टिपकागदाला टेकवली, किंचित दाबली, थेंब आला, सही पुरी केली. अर्धी फिकट, अर्धी ठसठशीत. दुसरीवर मधेच तुटली. तिने निबवर तोंडाची वाफ सोडली. तिसरीच्या आधी तिने कागद पुढे घेऊन आडवी रेघ ओढून पाहिली, मग सही केली आणि... उतरली. अखंड. निळी, ओली, कडेला किंचित चमकणारी, आणि सहीच्या शेवटच्या वळणाला शाई जरा साठून राहिली, तशी ती राहायलाच हवी. तिला एवढं बरं वाटलं की तिने टोपण लावताना निबकडे पुन्हा एकदा पाहिलं.

बाटल्यांचा ट्रे वर गेला.

आणि मग, हात धुताना, साबणाचा फेस कोपरापर्यंत आलेला असताना – तिसरीच्या वेळी मी उठले होते का?

तिने नळ बंद केला. ट्रेमधली तिसरी, कोपऱ्यातल्या बाळाची. मागणीचा कागद फाइलला लावलेला होता. पोटॅशियम, दीड मिलिलीटर. ते ठीक. कागद काय, कागद बरोबरच असतो. सिरिंज? टकटक झाली होती. ती नक्की आठवते, कारण त्या टकटकीने टिपकागद हलला होता. आणि काचेपलीकडून, मास्कमधून, "मॅडम, बघितलं ना?"

"हं."

हेही आठवत होतं. स्वतःचा आवाज, नाकातून निघालेला, छोटासा. त्या 'हं'च्या वेळी डोळ्यांसमोर काय होतं? निब. निबच्या टोकाशी फुगत आलेला थेंब.

बघितलं असेन. एवढ्या वर्षांची सवय, डोळा आपोआप वळला असेल. तिने डोळे मिटले आणि लगेच तिला सिरिंज दिसली, काचेला टेकलेली, रेघ बरोबर दीडवर. स्वच्छ. फारच स्वच्छ. आठवणीतली ती सिरिंज खिडकीतून येणाऱ्या उजेडात उभी होती आणि टाचणीच्या खोलीला तर खिडकीच नव्हती. आठवण गिऱ्हाईक बघून माल देते. दीड मागितलं, दीड दिलं. पाच मागितलं असतं तर...? तिने पाच मागून पाहिलं. पाचही दिसलं, तेवढंच स्वच्छ.

ती टाकाऊच्या डब्यापाशी गेली. फोडलेल्या कुप्या, सकाळच्या सगळ्या बाटल्यांच्या, एकात एक मिसळलेल्या. त्यांतल्या कुठल्या तिसरीच्या?

"काही हरवलं का, मॅडम?" टाचणीने मास्क खाली घेत विचारलं.

"नाही गं."

"मग डब्यात काय, सोनं शोधताय?"

हसायला हवं होतं. टाचणी आजवर चुकलेली नव्हती... निदान हिने पकडलेली अशी एकही चूक नव्हती. पण चूक पकडायला समोर बसलंय कोणीतरी म्हणून ती निर्धास्त भरत असेल, तर? तिला विचारावं का, किती ओढलं होतंस? ती म्हणेल दीड. कोणीही म्हणेल दीड. आणि वर म्हणेल, तुम्हीच तर समोर होतात!

दुपारी जुनी बाटली संपल्यावर नवी लागते. अजून वेळ होता. तिने फोन उचलला, ठेवला. काय सांगायचं? की शाई छान उतरत होती? लोक म्हणायचे, हिची सही म्हणजे डोळे मिटून विश्वास. बाटली परत मागवली तर कारण द्यावं लागेल, आणि कारण एकच होतं, आणि ते उच्चारलं की गेल्या वर्षभरातल्या प्रत्येक सहीला तेच लागू होईल. बाटली बहुधा बरोबरच असेल. बहुधा म्हणजे किती? दीड किलोच्या बाळाला 'बहुधा' कितीसं पेलतं?

फोन पुन्हा न उचलता ती जिन्याकडे निघाली. आधी चालत, मग दोन दोन पायऱ्या. आपण एवढा वेळ डबा कसला चिवडत होतो?

वॉर्डाच्या दारात मोठ्या सिस्टर नोंदी करत होत्या. "काय हो बाई, तळघर सोडून वर? खाली पाणी शिरलं की काय?"

"कोपऱ्यातल्या बाळाची बाटली—"

"लावली की आत्ताच. जुनी लवकर संपली."

"वाचून लावलीत ना?"

सिस्टरनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमची सही बघून लावली. दुसऱ्या कुणाची असती तर वाचली असती. तुमची सही दिसली की मी चष्मासुद्धा शोधत नाही." त्या हसल्या. ही हसली नाही, तेव्हा थांबल्या. "का? काय झालं?"

कोपऱ्यात, काचेच्या पेटीवर, बाटली लटकत होती. चिठ्ठीवर आकडा दीडच होता. असणारच, चिठ्ठी कागदावरून छापतात. आणि खाली सही, सकाळी निळी होती ती आता करडी झालेली, वळणाशी साठलेली शाई तर काळीच. खाली नळीत थेंब. थेंब. यंत्रावरची हिरवी रेघ नेमाने उडी मारत होती. बाळाचा हात उघडा होता. बोटं एवढी बारीक, की त्यांना नखं असतील असं वाटलं नसतं, पण होती.

"बंद करा," ती म्हणाली. "पोटॅशियम... मी बघितलं नव्हतं."

"म्हणजे?"

"सही केली. बघितलं नाही."

 सिस्टरनी आधी नळी बंद केली, बाटली काढून तिच्या हातात दिली, मग दुसऱ्या नर्सला साधं ग्लुकोज आणायला सांगितलं, डॉक्टरांना बोलवा म्हणाल्या, रक्त तपासायला पाठवायचंय म्हणाल्या, आणि हे सगळं होईपर्यंत त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मग पाहिलं. चष्मा आता डोळ्यांवर होता.

खुर्चीत पेंगणारी बाळाची आई उठून उभी राहिली होती. "काय झालं? खराब होती का बाटली?"

"काही नाही, बदलतोय," सिस्टर म्हणाल्या. पण ती बाई सिस्टरना विचारत नव्हती. बाटली जिच्या हातात होती तिला विचारत होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

जिना उतरताना तिने बाटली दोन्ही हातांत धरली होती. आत पाण्यासारखं पाणी. बघून काहीच कळत नाही, म्हणून तर बघणारी बसवतात. नमुना प्रयोगशाळेत जाईल, उद्या आकडा येईल. बरोबर आला, तर? तर एका बरोबर बाटलीसाठी तिने सगळ्यांसमोर... सिस्टर उद्यापासून चष्मा लावतील, टाचणी काचेआडून टोचून बोलेल, आणि लोक म्हणतील, उगाच घाबरली. चुकीचा आला, तर निदान... निदान धावत वर गेले ते...

ती मधल्या वळणावर थांबली. चुकीचा यावा असं मला वाटतंय.

तिने तो विचार उलटा करून पाहिला, काचेची नळी उजेडात धरतात तसा. होता. चुकीचा यावा. म्हणजे जे थोडे थेंब गेले ते चुकीचे गेलेले असावेत. म्हणजे त्या नखं असलेल्या हातात... तिने कठडा धरला. हे मी नाही, हे भीतीचं आहे, तिने स्वतःला सांगितलं. पण आवाज तोच होता, नाकातून निघणारा, छोटासा.

खाली टाचणीने बाटली पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "मी दीडच भरलं होतं. दाखवलं होतं तुम्हाला. हं म्हणालात तुम्ही!"

"म्हणाले."

"मग?"

"मी पेनाकडे बघत होते."

  टाचणी काचेपलीकडे गेली आणि नवी सिरिंज फोडली.

जुन्या बाटलीवर 'वापरू नये' लिहायचं असतं आणि सही खोडायची असते. तिने टोपण काढलं. निब टेकवली. शाई पहिल्याच स्पर्शाला उतरली. 'वापरू नये', आणि मग सहीवरून आडवी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी, निळी, ओली, काळपट अक्षरांवर ठेवल्यासारखी. उद्यापर्यंत रेघ आणि सही दोन्ही सारख्याच काळ्या होतील. किती सुरेख उतरली, तिच्या मनात आलं.

हात तिथेच थांबला.

काचेवर टकटक होत होती. केव्हापासून, कुणास ठाऊक. टाचणी सिरिंज काचेला लावून काही तरी विचारत होती. मास्क हलत होता. 'हं' ओठांपर्यंत आला होता. तिने तो गिळला, पेन खाली ठेवलं, टोपण न लावताच, उठली, काचेला नाक टेकेल इतकी जवळ गेली.

"पुन्हा विचार," ती म्हणाली.

टाचणीने पुन्हा विचारलं, एकेक शब्द सुटा करून. ती रेघेकडे बघत होती, काळ्या रेघेकडे, तिच्या शेजारच्या आकड्याकडे, आणि बघता बघता तिच्या ध्यानात आलं की आपण रेघ बघत नाही आहोत, आपण नीट बघतोय की नाही हे बघत आहोत... तिने डोळे मिटून पुन्हा उघडले. मागे टेबलावर उघडी निब वाळत होती. सकाळी मुलगी काय म्हणाली होती? 'वही' नव्हे. 'बाई'ही नव्हे.

"मॅडम?" टाचणी म्हणाली. "हात दुखतोय माझा."

"धरून ठेव," ती म्हणाली. "अजून नाही दिसलं मला."