माझ्यातून सरांचा आवाज गेला तेव्हा

मी एक गाणं बोलतोय. तुम्ही मला ऐकलं नसेलच. वाईट वाटून घेऊ नका, मला सवय आहे.

माझा जन्म सांगलीतल्या एका फ्लॅटमध्ये झाला. सुमंतसर शाळेत संगीत शिकवतात. खिडक्यांना गाद्या लावून, पंखा बंद करून, घामाघूम होत त्यांनी मला रेकॉर्ड केलं आणि नाव ठेवलं, 'वाटे, जरा थांब'. लांबी सात मिनिटं, पैकी चार मिनिटं सरांच्या ताना. मी वाटेला विनवतोय की तिच्यावर ओरडतोय, हे माझं मलाच कळत नव्हतं. पण बापाला नावं कशी ठेवायची? गप्प बसलो.

मागे साथीला एक बाईचा आवाज हवा होता. सरांनी बायकोला हाक मारली, "अपूर्वा, जरा ये गं. माझ्या मागून सगळं म्हण, पण हळू. मी वर जाईन तेव्हा आधार हवा."

अपूर्वाताई ओले हात पुसत आल्या, एकदाच सगळं म्हणाल्या आणि कुकर बघायला गेल्या. सरांनी तो आवाज इतका बारीक ठेवला, की तो माझ्यात आहे हे मीही विसरलो.

मग मला इंटरनेटवर सोडण्यात आलं. महिन्याभरात मी एकशे चाळीस वेळा ऐकला गेलो. खरं सांगायचं तर त्यातल्या नव्वद वेळा ऐकणारे सरच होते. शाळेतले सहकारी म्हणायचे, "छान आहे हं, वेळ मिळाला की पुढचं ऐकतो."

शेवटी सरांनी स्पर्धा जाहीर केली : 'माझ्या गाण्याचं रीमिक्स करा!' माझा तबला, पेटी, दोन्ही आवाज असं सगळं सुटं करून त्यांनी लोकांपुढे मांडलं. जिवंतपणी पोस्टमॉर्टेम झालेलं मी पहिलंच गाणं असेन. अट एकच, शब्द बदलायचे नाहीत. जिंकेल त्याला कोरेगावला होणाऱ्या कार्यक्रमात सरांबरोबर मंचावर जागा.

अकरा जणांनी माझ्यावर हात साफ करून घेतला. पाटणच्या जयराजने माझ्यात एवढा दणका भरला, की ऐकताना सरांच्या टेबलावरची कपबशी चालायला लागली. एकाने मला इतकं पळवलं, की वाट थांबणं सोडाच, मीच पुढे निघून गेलो.

अकरावं आलं वडूजच्या लालासाहेबांचं. त्यांचा वरातीला स्पीकर लावायचा धंदा. त्यांनी मला तीन मिनिटांवर आणलं. एक हलगी, तीही दबकत, आणि वर अपूर्वाताईंचा आवाज. सर कुठेच नव्हते.

सरांनी तडक फोन लावला. "अहो, मूळ गायकच काढून टाकलात?"

"आवं सर, तुमचा आवाज लय भारी हाय," लालासाहेब म्हणाले, "पण त्यो हाय तवर गाणं ऐकूच येत न्हाई. परवा वरातीत लावून बघितलं, तर नाचणारी मानसं नाचायची थांबून ऐकत हुबी राहिली. नवरदेवाचा बाप खवळला माझ्यावर. ह्या ताई कोण हायत?"

 सर म्हणाले, "कोरस आहे."

अपूर्वाताई दारातच उभ्या होत्या. आत जाऊन कपड्यांच्या घड्या घालू लागल्या. मी गाणं, मला तोंड लपवायला जागा नाही. नाहीतर लपवलं असतं.

सरांनी नवीन अट टाइप केली : 'मूळ गायकाचा आवाज वगळता येणार नाही.' ती टाकण्याआधी एखादी खोट सापडावी म्हणून लालासाहेबांच्या रूपात मला पुन्हा लावलं. दुसऱ्या कडव्याला त्यांची बोटं टेबलावर ठेका धरू लागली. मग थांबली. आत जाऊन त्यांनी विचारलं, "हे असं तू कधी गायलीस?"

"तुम्ही बोलावलंत तेव्हाच," ताई घडीवरून नजर न उचलता म्हणाल्या. "मी तुमच्या शेजारीच उभी होते. तुम्ही स्वतःचं ऐकत होतात."

सर बाहेर आले. त्यांनी ती अट पुसली आणि लालासाहेबांचं नाव जाहीर केलं.

कोरेगावला लालासाहेब हलगीवर, ताई माईकपुढे आणि सर पेटीवर बसले. मध्येच तान घ्यायला सरांचं तोंड उघडलं, पण त्यांनी ते मिटलं. ती माझ्या आयुष्यातली सर्वात सुंदर तान. कार्यक्रमानंतर कुणीतरी विचारलं, "गाणं कुणाचं?" चारपाच जण एकदम म्हणाले, "वडूजच्या लालासाहेबांचं!" सरांचे कान लाल झाले. पण त्यांनी दुरुस्ती केली ती एवढीच, "आणि अपूर्वाचं."

आता मी तीन मिनिटांचा आहे. फार मोठं गाणं आहे, अशी बढाई मारत नाही. कुठे वरातीत भेटलोच, तर माझ्यावर नाचायला जाऊ नका, पाय मुरगळेल. फक्त दोन पावलं थांबा. दुसऱ्या कडव्याआधी ताई एक श्वास घेतात, तो ऐका. माझ्यातलं सगळ्यात चांगलं तेवढंच आहे. आणि ते कुणी रचलेलं नाही.