पेटीत गेलेला म्हातारा

भूकंपाने त्या जुन्या हवेलीची मागची भिंत दुभंगली आणि तिथलं लोककलेचं संग्रहालय कायमचं बंद करायचं ठरलं. राखणदार ओतिलियाच्या डोळ्यांदेखत मातीचे सैतान, कागदी सांगाडे, रंगीत मुखवटे गवतात गुंडाळून पेट्यांत गेले. दुसऱ्या दिवशी ट्रक राजधानीला निघणार होता.

नेमका तेव्हाच सान हासिंतो गावचा एवोदिओ दारात उभा राहिला. त्याच्या वडिलांनी कोरलेला म्हाताऱ्याचा मुखवटा त्यानेच संग्रहालयाला दिला होता, दर जत्रेला म्हाताऱ्यांच्या नाचासाठी घरी न्यायच्या बोलीवर.

"काय गं पोरी, आमचा म्हातारा तयार आहे ना? का यंदाही दाढी न विंचरताच पाठवतेस?"

"बाबा, तो पेटीत गेला."

"मग काढ की बाहेर! पुरलाय थोडाच?"

ओतिलियाने संचालकांना फोन लावला. "पेट्यांना सील लागलंय, बाई," ते म्हणाले, "तिकडे सगळं सुखरूप राहील." आणि फोन ठेवून दिला.

"सुखरूप!" एवोदिओ खाली बसला. "नाचणारे आम्ही चौघंच उरलो. पोरं कामाला सीमेपार उत्तरेला गेली ती गेलीच. आता आमच्या नाचाचं तोंड पण न्या म्हणावं."

ओतिलिया उठली. तिने पहार घेतली आणि पेटी फोडली.

मुखवटा उभा चिरला होता. भूकंपात तुळई पडली तेव्हाच फुटला असावा. तिला कुणी सांगितलंही नव्हतं. एवोदिओने दोन्ही तुकडे जुळवून धरले. हात सैल सोडले की ते पुन्हा वेगळे व्हायचे.

"सांधता येईल का, बाबा?"

"वडील असते तर." त्याने तुकडे स्वतःच गवतात ठेवले. "ठोक खिळे. तुझी नोकरी जायची."

"ती उद्याच संपतेय."

जत्रेला ओतिलिया सान हासिंतोला गेली. देवळाच्या भिंतीशी चौघे म्हातारे टोप्या घालून ओळीने बसले होते. बायकांनी मक्याच्या पानात उकडलेले तामाले आणून दिले, ते त्यांनी खाल्ले. बँडवाल्याने विचारलं, "म्हाताऱ्यांचा नाच वाजवू का?"

"पुढचं वाजव," एवोदिओ म्हणाला.

बँडवाल्याने लग्नातलं गाणं धरलं. दोनचार मुली नाचल्या, मग त्याही थांबल्या.

बसपर्यंत तो तिला सोडायला आला. "पुढल्या वर्षी येऊ नकोस, पोरी," तो म्हणाला. "उगाच भाड्याचा भुर्दंड."