सरूला कसला जामीन?

मित्रांनो, मी इराणमधल्या शिराझ शहरातल्या एका बागेतला सरूचा जुना वृक्ष आहे. उन्हाळा असो की हिवाळा, माझा हिरवा रंग उतरत नाही. फळाच्या नावाने मात्र शंख! लाकडासारखी चार बोंडं धरतात, ती कोण खाणार?

फरीदून आगांनी मला लावलं तेव्हा मी वीतभर होतो. ते बुंध्यापासून जरा लांब आळं करायचे आणि माती सुकल्यावरच पाणी द्यायचे. माझ्या शेंड्याला त्यांनी कधी कात्री लागू दिली नाही. त्यांचे ते हात आठवले की अजून जीव गलबलतो.

आमच्याकडे एक रीत आहे. झाड फळेनासं झालं की त्याला धाक दाखवायला मालक कुऱ्हाड घेऊन येतो आणि दुसरं कुणी आडवं येऊन जामीन राहतं. शेजारच्या डाळिंबापुढे हे नाटक रंगायचं.

"तोडतोच आता या आळशाला!" आगा गरजायचे.

"अहो, थांबा! मी जामीन आहे. पुढच्या वर्षी धरेल," म्हणत त्यांच्या पत्नी मलीहे खानम त्यांचा हात धरायच्या. मग दोघं हसत चहाला बसायची. आणि डाळिंब बेटं खरंच लगडायचं! मला भारी हेवा वाटायचा.

पुढे आगा गेले. एके दिवशी त्यांचा मुलगा बहमन कुऱ्हाड घेऊन माझ्यासमोर आला. हे नाटक नव्हतं. त्याला गाडी ठेवायला जागा हवी होती.

खानम स्वयंपाकघरातून काठी टेकत आल्या आणि मला पाठ लावून उभ्या राहिल्या. "थांब! मी जामीन आहे."

"अगं आई, सरूला कसला जामीन? पुढच्या वर्षी काय जर्दाळू देणार आहे हा?"

"हिरवा राहील. तुझ्या बाबांनी वाढवलाय."

जामिनापुढे कुऱ्हाड चालवत नाहीत. बहमन पुटपुटत निघून गेला, गाडी गल्लीतच राहिली.

आता खानमही नाहीत. गाडीवरून शेजाऱ्यांशी भांडण झालं, तेव्हा बहमन पुन्हा कुऱ्हाड घेऊन आला. त्याने कुऱ्हाड उगारली आणि सवयीने स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दारातून कुणी आलं नाही. त्याचा हात तसाच राहिला.

"मी जामीन आहे," तो स्वतःशीच म्हणाला. मग कुऱ्हाड ठेवून त्याने माझं आळं पाण्याने भरलं.

मित्रांनो, तुमच्या दारातही एखादं बिनफळाचं झाड असेल. त्याला पाणी घाला आणि वेळ आली तर जामीनही राहा. माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाही. हिरवा मात्र राहीन.