रंभा मिस्त्री आणि गुरुजींचा गिझर

“दोन मिनिटं कोणी बोलू नका जी,” असं म्हणून रंभाने पेचकसाचं टोक न्हाणीघराच्या भिंतीला टेकवलं आणि त्याच्या मुठीला कान लावला.

प्रभाकरराव दारातच थबकले. देवळीतल्या शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांना अकरा वर्षं झाली होती, पण त्यांना गप्प राहायला सांगणारं माणूस अजून भेटलं नव्हतं. सकाळी फाटक उघडलं तेव्हा तेच आधी बोलले होते, “मिस्त्री कुठं हाय? त्याले पाठवा ना.”

“मीच हाय मिस्त्री,” म्हणत रंभा स्कूटीवरची जड थैली उतरवून सरळ आत आली होती.

पंधरा दिवसांपासून या घरात आवाज फार वाढले होते. गिझर लावला की थोड्या वेळाने आत कोणी गिट्टी भाजत असल्यासारखी खडखड सुरू होई. नळ बंद केला की भिंतीत धाडकन धक्का बसे. प्रभाकररावांच्या पत्नी अन्नपूर्णाबाई लकवा मारल्यापासून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आंघोळ करत. एका सकाळी त्या आवाजाने दचकून खाली घसरल्या, आणि त्यानंतर त्यांनी न्हाणीघरात पाऊल टाकलं नाही. ऐन थंडीत पलंगावरच ओल्या फडक्याने अंग पुसून घेत होत्या. पुण्याला असलेल्या सचिनने, त्यांच्या मुलाने, एक माणूस पाठवला होता. भिंत फोडा, सगळी लाइन नवी टाका, असं सांगून तो गेला. फोडण्याआधी दुसऱ्याला दाखवावं म्हणून प्रभाकररावांनी नळाच्या दुकानात मिस्त्री पाठवायला सांगितलं होतं.

रंभा वासनिकचा कान हातपंपांवर तयार झाला होता. तळेगावला नवरा वारला तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. हातपंप दुरुस्तीचं शिक्षण बायकांना देतात असं कळलं, आणि ती गेली. पुढची नऊ वर्षं पान्हे घेऊन आष्टी तालुक्यातली गावं फिरली. पंपाच्या दांड्याला कान लावून, आतला वायसर झिजलाय की जमिनीतलं पाणीच खाली गेलंय, हे ती सांगायची. सुरुवातीला पारावरची माणसं हसली. पाणी आल्यावर हसायची थांबली. मग घरोघरी नळ आले, हातपंप गंजले, आणि ती देवळीला येऊन पाइपाचं काम शिकली.

“आवाज दोन हायत गुर्जी, अन् रोगही दोन,” ती पेचकस काढत म्हणाली. “हे झटकन बंद होणारे नळ कवा बसवले?”

“दिवाळीत. वरचा प्रेशरचा पंपही तेव्हाच. सचिननं.”

“मंग बरोबर. पाणी जोरात पळत येते अन् हा नळ एकदम तोंड मिटते. पळत्या माणसाच्या तोंडावर दार लावावं तसं. ते पाणी धडकते, अन् भाईर पाइपाच्या पट्ट्या ढिल्या हायत, म्हणून सारी भिंत बोलते. फोडाफोडीचं काम नाई.”

“अन् खडखड?”

“तो खार हाय, क्षाराचा थर. बोरचं पाणी हाय ना तुमचं? तळाशी खार बसते, त्याच्याखाली पाणी उकळते अन् खडखडते.” बोलता बोलता तिचा हात गिझरच्या खाली गेला आणि तिथेच थांबला. तिने टॉर्च लावली. सेफ्टी वॉल्व्हच्या तोंडावर कोणीतरी लिंपलेला राखाडी, दगडासारखा लेप होता. ती लगेच बाहेर गेली आणि मेन स्विच पाडून आली.

“हे कोणं बुजवलं?”

प्रभाकररावांनी वाकून तो लेप पाहिला. “टपकत होतं. पाणी वाया जाते म्हणून मीच... मागच्या उन्हाळ्यात.”

रंभाने आवाज उतरवला. “आत दाब वाढला त याच रस्त्यानं निघते. याच्याबिगर दुसरा रस्ता नाई.”

“फुटला असता?”

“पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट शाबूत होता म्हणून वाचलं.”

गिझरच्या बरोबर खाली अन्नपूर्णाबाईंची ती आंघोळीची खुर्ची होती. प्रभाकरराव खुर्चीकडे बघत राहिले, मग हळूच तिच्यावरच बसले.

“बाईंले आत्ता सांगू नका,” रंभा म्हणाली. “पह्यलेच भेल्या हायत.”

दुपारी दोनपर्यंत ती कामात होती. गिझर रिकामा करून उघडला, तेव्हा अर्धी बादली पांढऱ्या खपल्या निघाल्या. बसस्टँडजवळच्या दुकानातून नवा वॉल्व्ह आणून बसवला. बाहेरच्या पट्ट्यांखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घालून त्या आवळल्या, पंपाचा जोर कमी केला. नळाच्या वर वीतभर उभा पाइप जोडून त्याचं तोंड बंद केलं. आत हवा राहते, पाण्याचा धक्का ती झेलते, असं तिने समजावलं.

गिझर पुन्हा लावला. खडखड नाही. तिने नळ झटक्याने बंद केला. काही नाही. प्रभाकररावांनी स्वतः पाच वेळा उघडून बंद केला, आणि पाचव्यांदा हसले.

तेवढ्यात सचिनचा फोन आला; बाई मिस्त्री आल्याचं त्याला सकाळीच कळवलं होतं. त्यांनी तो स्पीकरवर घेतला.

“बाबा, त्या बाईनं नीट केलं का? कोणाची चूक होती?”

“खार जमलता जी,” थैली भरता भरता रंभाच मधे बोलली. “बोरच्या पाण्यानं होते असं.”

प्रभाकररावांनी तिच्याकडे पाहिलं. एवढ्यावर निभावत होतं. पण त्यांनी फोन जवळ घेतला.

“नाई सचिन. चूक माझी होती. गिझरची वाफ जायची वाट मी बुजवली होती, तुझ्या आईच्या डोक्यावर. अन् बाई म्हणू नको. रंभाताई मिस्त्री म्हण. भिंतीले कान लावून ओळखलं त्यांनी.”

मग सचिन म्हणाला, “ताईंचा नंबर पाठवा बाबा. अन् त्यांना थँक्यू सांगा.”

रंभा खाली वाकून थैलीची चेन लावत बसली. चेन केव्हाच लागली होती.

मधल्या खोलीच्या दाराशी, वॉकर धरून, अन्नपूर्णाबाई उभ्या होत्या. त्यांनी किती ऐकलं होतं कोण जाणे. लकव्यानंतर शब्द वाकडे निघत, म्हणून त्या फार बोलत नसत.

“आं... घोळ,” त्या म्हणाल्या.

“शेजारून रंजिताले बोलावतो मदतीले,” प्रभाकरराव फाटकाकडे निघाले.

“मी हाय ना,” म्हणत रंभाने अन्नपूर्णाबाईंना कमरेतून धरलं आणि पावलापावलाने आत नेलं. खुर्ची तिने आधीच गिझरपासून दूर, खिडकीखाली सरकवली होती. दोन्ही नळ सोडून तिने पाणी कोमट केलं आणि भरलेला लोटा त्यांच्या चांगल्या हातात दिला.

अन्नपूर्णाबाईंनी तो अंगावर घेतला नाही. रंभाचे हात खाराने मनगटापर्यंत पांढरे झाले होते. त्यांनी लोटा हळूहळू कलता केला आणि ते पहिलं ऊन पाणी त्या हातांवर सोडलं.