बियाण्याच्या जागी चपला

एक तुटकी बादली.

मे महिन्यात अंगणभर चिखल.

मोबाईलवर ढगाचं चित्र.

फाटक्या चपला. तीन. चौथी कुठे गेली, कोणालाच माहीत नाही.

मित्रांनो, मी एक जुनी कणगी आहे. आणि मी चिडले आहे.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर, नवसाबाईच्या घरात मी उभी असते. तिच्या सासऱ्याने, केरूने, मला बांबूच्या कामट्यांनी विणलं, शेणाने लिंपलं. माझं काम एकच, भाताचं बियाणं सांभाळणं.

घराची रीत अशी होती. उन्हाळ्यात पाला, शेण पसरून जमिनीचा एक तुकडा भाजायचा. तो राब. पाऊस लागला की राबावर बियाणं पेरायचं आणि रोपं वाढली की उपटून खाचरात लावायची. पण पेरायचं निम्मंच! उरलेलं माझ्यात राहायचं. पावसाने दगा दिला तर दुसऱ्या पेरणीला.

आता तर पावसाचा काही भरवसाच नाही. म्हणजे माझी गरज वाढली ना? आणि नेमकं आताच मला रिकामं केलं!

यंदा नवसाबाईच्या मुलाने, चंदरने, बाजारातून बियाण्याचं पोतं आणलं. मे महिन्यातच पाऊस कोसळला. राबाचा पाला भिजला, भाजणी राहूनच गेली. तरी चंदरने अख्खं पोतं पेरायला काढलं.

"निम्मं ठेव रे चंदऱ्या."

"आये, मोबाईलमंदी रोज पाऊस दावतोय."

"मंग मोबाईलच पेर!"

त्याने ऐकलं नाही.

जून कोरडा गेला. न भाजलेल्या राबात तण माजलं, पावसाविना रोपं करपली. तेव्हा कुठे मी आठवले. चंदर धावत आला, झाकण काढून खांद्यापर्यंत हात आत घातला. बादली निघाली. चपला निघाल्या.

"आये, यात बियाणं व्हतं ना?"

नवसाबाईने झाकण उचलून परत माझ्यावर ठेवलं. बोलली ती चंदरची बायको सविता. "चपला घावल्या ना? मंग घाला अन् जा कुसामावशीकडं."

कुसाबाई म्हणजे नवसाबाईची बहीण, पलीकडच्या पाड्यावरची. तिच्या कणगीत हळवं भात होतं, उशिरा पेरलं तरी लवकर पिकणारं. तिने टोपलीभर दिलं. ते निम्म्याच खाचरांना पुरलं. बाकीची पडीक राहिली. एरवी भात झोडून मग निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणारे चंदर-सविता यंदा कापणीआधीच गेले. नवसाबाई एकटीच कापत बसली.

मित्रांनो, बाजारचं बियाणं खुशाल आणा, मोबाईलही पाहा. पण घरातलं सगळं बियाणं एकाच पावसाच्या हवाली करू नका. राबाचा पाला वेळीच झाकून ठेवा. थोडं हळवं भात घरात असू द्या, आणि भूक लागली तरी, पाहुणे आले तरी, त्याला हात लावू नका.

माझ्यातलं शेवटचं हळवं भात नवसाबाईने दोन वर्षांपूर्वी लेकीच्या, पूजाच्या, लग्नात शिजवायला काढून दिलं होतं.