घरच्या गोळ्या

डुक्कर रताळ्यांच्या वाफ्यातून सरळ अंगावर आले तेव्हा शालिकरामाच्या हातातली बंदूक रिकामी झालेली होती. बार होऊन गेला होता, धूर अजून मिशीपाशी रेंगाळत होता, नेम तीस पावलांवरून धरलेला होता. आणि तरी ते काळे, चिखलाने माखलेले धूड एकदाही न अडखळता वेल तुडवीत आले. पहिल्या धडकेने शालिकराम आडवा झाला. दुसऱ्या हिसड्यात सुळा गुडघ्याच्या वर घुसला आणि मांडी जांघेपर्यंत उसवीत गेला. धोतर, कातडे आणि मांस यांत त्या सुळ्याने काही फरक केला नाही.

त्याचा धाकटा भाऊ भगवंत बंदुकीच्या दारूचे शिंग हातात धरून बांधावर उभा होता. तो अकोल्याच्या एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवीत असे आणि सुटीच्या दिवशी बार्शीटाकळीच्या या मळ्यात येऊन भावाची ठासणीची बंदूक भरून देत असे. त्याची शिकार तेवढीच. किंकाळी फुटली ती त्याच्याच तोंडून. शालिकराम ओरडला नाही. दोन्ही हातांनी डुकराचे कान धरून त्याचे तोंड पोटापासून दूर ठेवण्याची एक निमूट, भयंकर झटापट तो करीत राहिला. मग ओढ्याच्या काठावरून खुशालरावांच्या कारतुसाच्या बंदुकीचा बार झाला आणि जनावर त्याच्या पायांवरच कोसळले. मेल्यावरही त्याचा जबडा काही वेळ माती चावीत होता.

डुक्कर उठवणारे हाकारे धावत आले आणि चौघांनी मिळून धूड ओढून बाजूला केले. भगवंतने आपले उपरणे जखमेत कोंबले, त्यावर दोन्ही तळवे दाबले. रक्त बोटांच्या फटींतून येतच राहिले, उन्हाळ्यातल्या पाटाच्या पाण्यासारखे, बारीक आणि न थांबणारे. शालिकरामाची बायको जमुना मळ्यातल्या खोपटातून धावत आली आणि तिने नवऱ्याचे डोके मांडीवर घेतले. गाडी आणायला एकाला गावात पिटाळले. गाडी येईपर्यंत करण्यासारखे कोणालाच काही उरले नाही, म्हणून हाकाऱ्यांचा म्होरक्या नत्थुजी सुरी घेऊन डुकराकडे वळला.

त्या भागातली रीत तशीच होती. जनावर पडेल तिथे फाडायचे आणि आतल्या गोळ्या काढून मोजायच्या. जी अंगात सापडली ती लागली. जी सापडली नाही ती हवेत गेली. ज्याची गोळी निघेल त्याच्या दारी डुकराचे डोके जायचे. या निवाड्यावर आजवर कोणी शब्द काढलेला नव्हता.

नत्थुजीचे हात कोपरापर्यंत आत गेले. आतड्यांची वाफ सकाळच्या थंडीत वर आली. बऱ्याच चाचपणीनंतर त्याने एक शिशाचा तुकडा बाहेर काढला, गवतावर पुसला. हाड फोडून, मांस फाडून तो चपटा, कडा फाटलेला, चवलीच्या नाण्याएवढा पसरला होता.

“एकच हाय,” नत्थुजी म्हणाला. “दुकानची.”

त्याने तो तुकडा खुशालरावांच्या हातावर ठेवला. खुशालराव काळ्या जमिनीचे मोठे शेतकरी. माणूस वाईट नव्हता, पण जिभेला आवर नव्हता.

“शालिकराम, तुही एकबी नाई बाप्पा यात,” ते म्हणाले. “तुले म्हनलं होतं ना मी, डोये दाखवून ये अकोल्याले.”

शालिकरामाने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले. सुळा घुसताना ज्या चेहऱ्यावर वेदना उमटली नव्हती तो चेहरा आता मावळला.

“तीस पावलं,” तो पुटपुटला. “तीस पावलावरून हुकलो मी.”

भगवंत खाली मान घालून जखम दाबीत राहिला.

शालिकरामाजवळ आयुष्यात मिरवण्यासारखे एवढेच होते. दोन एकरांचा मळा, वांगी, रताळी, बांधावरचा झेंडू, आणि पिकाच्या राखणीसाठी सरकारने परवाना दिलेली ती लांबलचक नळीची बंदूक. पण तिच्या मागे उभा राहिला की हा वाकलेल्या पाठीचा माळी वेगळाच माणूस होई. धारणीच्या जंगलात हयात घालवलेले शिकारी त्याचे नाव काढीत. आणि गेल्या पंधरा दिवसांत याच डुकरावर त्याचे दोन बार झाले होते. दोन्ही वेळा त्याने शपथेवर सांगितले की गोळी लागली. दोन्ही वेळा डुक्कर ओढा ओलांडून गेले. गावाने हसून घेतले. विहिरीवर बायांनी जमुनेला सांगितले, आता झेंडूचे हार गुंफ म्हना त्याले, बंदूक टांगून ठेव. तेव्हापासून तो चारचौघांत बसेनासा झाला होता.

गोळ्या भगवंतच्या होत्या.

दोन वर्षांपासून जठारपेठेतल्या आपल्या एका खोलीत तो त्या ओतीत असे. मागच्या निवडणुकीच्या पत्रकांनी छापखान्यातले खिळे झिजवून टाकले होते. फुटके, बोथट झालेले खिळे मालकाने त्याला नेऊ दिले. दिवसभर त्याच्या बोटांतून दुसऱ्यांचे शब्द जात. कोणाची वचने, कोणाच्या लग्नाची बोलावणी, कोणाच्या मरणाच्या खबरा. त्यातला एकही शब्द त्याचा नसे. शेगडीवरच्या लोखंडी पळीत मात्र ती सगळी अक्षरे एकमेकांवर कलंडत, काना-मात्रा गळून पडत, आणि वर एक निर्विकार, चांदीसारखा डोह उरे. तो साच्यात ओतला की जे हाती येई ते त्याचे स्वतःचे असे. अकोल्याच्या दुकानातली गोळी मळकट आणि मऊ, नखाने ओरखडा उठावा अशी. त्याची गोळी फरशीवर टाकली तर वाजे. यंदाच्या हंगामाआधी खुशालरावांनी एकदा ती उन्हात धरून पाहिली आणि म्हणाले होते, “भगवंता, हे तं नथीत शोभंन. माराले आपली दुकानचीच बरी.” सगळे हसले तेव्हा शालिकरामाने भावाची बाजू घेतली होती. घरचे पोर ओतते, मग दुकानात कशाला जाऊ, असे म्हणून त्याने दुकानच्या उरलेल्या गोळ्या नत्थुजीला देऊन टाकल्या होत्या.

दुसऱ्या बारानंतर ओढ्याकाठच्या बाभळीच्या खोडात भगवंतला गोळी सापडली होती. त्याने ती चाकूने कोरून काढली. साच्यातून निघाली तशी गोल, अखंड, चकचकीत. फक्त एका बाजूला सुकलेले रक्त आणि त्यात अडकलेला राठ काळा केस. ती डुकराच्या आरपार गेली होती, सुई कापडातून जाते तशी, कुठे न थांबता, कुठे न पसरता. त्याला त्या क्षणी सगळे कळले. आणि त्या क्षणी, गाव भावाला आंधळा म्हणत असताना, त्याच्या मनात पहिल्यांदा आला तो अभिमान: केवढी टणक आहे. त्याने ती खिशात टाकली. त्या आठवड्यात शालिकरामाने, पहिल्यांदाच, जरा चाचरत त्याला सांगितले की या खेपेला दुकानच्या गोळ्या आण. भगवंत आपल्याच घेऊन आला. दुकान बंद होते म्हणाला.

आताही, धूड ओढताना, त्याने पाहिले होते. चिखलाच्या पापुद्र्याखाली खांद्यावर तीन भोके. दोन खपली धरलेली, एक ओले. पोटात हात घातलेल्या नत्थुजीला ती दिसली नाहीत. भगवंतला दिसली आणि तो बोलला नाही.

गाडी आली. बैल नत्थुजीने हाकले. खाली कडबा अंथरून शालिकरामाला निजवले. उशाशी जमुना, मांडीपाशी भगवंत, तळवे तसेच रोवलेले. अकोल्याच्या रस्त्याला कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके लटकत होते. प्रत्येक खड्ड्यात चाक आदळले की तळव्यांखाली काहीतरी उघडे आणि गरम लाट मनगटापर्यंत येई.

दोन कोस गेल्यावर शालिकराम बोलला. आवाज स्वच्छ होता.

“भगवंता, बंदूक जमा करून टाक. आंधया मानसाच्या घरात कायले पायजे.”

“दादा, बोलू नोको.”

“वाचलो तरी हात नाई लावनार तिले. पोटासाठी नाई रे, मले वाटे तेवढं एक येते आपल्याले.”

भगवंतने त्याच्याकडे पाहिले. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. हा माणूस अकोल्याला पोहोचणार नाही हे त्या ओठांवर लिहिलेले होते, आणि अक्षर वाचण्यातच भगवंतचा जन्म गेला होता.

“दादा, तिन्ही लागल्या.”

“कायच्या तिन्ही?”

“तुह्या गोळ्या. पयल्या बाराची, दुसऱ्या बाराची, आजची. तू हुकला नाईस.”

“मंग नत्थुजीले कावून नाई सापडल्या?”

“माह्या गोळ्या आत राहात नाईत. खिळ्याचं शिसं कडक असते. दुकानची मऊ गोळी आत जाऊन पसरते, हाड मोडते, जनावर पाडते. माही नुसती भोक पाडून निघून जाते. दुसरी मले बाभयीच्या खोडात भेटली. केस होता तिले.”

शालिकरामाने डोळे भावाकडे वळवले.

“कधी भेटली?”

“आठ दिवस झाले.”

“आन दुकान?”

“उघडं होतं.”

गाडीचा आस कुरकुरत राहिला. जमुनेने मान वर केली. तिने दिराकडे पाहिले नाही. पुढे वाकून तिने त्याची मनगटे धरली, त्याचे हात जखमेवरून उचलून बाजूला ठेवले आणि त्या जागी स्वतःचे दाबले. भगवंतचे हात हवेत तसेच राहिले. मग तो चालत्या गाडीतून खाली उतरला आणि मागून चालू लागला.

“कुठं लागल्या?” आतून शालिकरामाने विचारले.

“खांद्यात. तिन्ही एका तयहातात मावतीन एवढ्या जवय.”

“एका तयहातात.”

“हो.”

“नत्थुजी,” शालिकराम म्हणाला, “आयकलं का?”

नत्थुजीने बैलांच्या पाठीवरून नजर न काढता होकार दिला. “आयकलं, शालिकरामभाऊ. चूक माही झाली. उलटं करून पाह्याले पायजे होतं.”

त्यानंतर कापसाच्या गाड्यांवरून कोणी काय झाले म्हणून विचारले की शालिकराम स्वतःच उत्तर देई. जखमेचे नाव नाही, डुकराचे नाव नाही. तिन्ही लागल्या, एवढेच. ऐकणारे बुचकळ्यात पडून गाडीत डोकावत आणि आतले पाहून मागे सरत. एका म्हाताऱ्याला त्याने स्वतःच्या खांद्यावर हात ठेवून जागाही दाखवली. प्रत्येक वेळी आवाज थोडा आत जात होता. मागे भगवंत चालत होता. फळ्यांच्या फटींतून पडलेले थेंब दोन चाकोऱ्यांच्या मधल्या धुळीत बसत, प्रत्येक थेंबाभोवती धूळ गोळा होऊन त्याची गोल, घट्ट गोळी होई, आणि त्याला पाय टाकायला दुसरी वाट नव्हती.

अकोल्याच्या जकात नाक्यावर पोहोचेपर्यंत दुपार झाली. नाकेदार टेबलामागून उठला नाही.

“गाडीत काय माल हाय?”

सगळे थांबले. उत्तर आतून यायला हवे होते. जमुना हात न काढता तशीच बसून होती. आता त्या हातांखाली दाबण्यासारखे काही उरले नव्हते. नत्थुजीने डोक्याचे फडके काढून मांडीवर ठेवले.

“तिन्ही लागल्या होत्या,” भगवंत म्हणाला. “नेम माह्या भावाचा होता. गोळ्या माह्या होत्या.”

नाकेदाराला त्यातले काही कळले नाही. त्याने भगवंतच्या हातांकडे पाहिले आणि दांडी वर केली.