बारा पावलं

नकाशाची चारही टोकं दाबून धरायला तिने हाताला येईल ते ठेवलं: दोन कप, एक शिट्टी आणि दादांच्या चष्म्याचा डबा. डबा दादांनी लगेच उचलून खिशात टाकला. ते टोक सुर्रकन गुंडाळलं गेलं.

"दादा, बघा ना जरा."

"मैदान पाहिलंय मी. त्याचं चित्र कशाला बघू?"

तिने टोकावर स्वतःचं कोपर ठेवलं आणि हसली. जमिनी मोजणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा होता. दहा वर्षांची असताना ती दोन तंबूंमधलं अंतर पट्टी लावून तपासायची, तेव्हापासून तिचे पथकप्रमुख दादा तिला फुटपट्टी म्हणत. आता तिच्या कानशिलावर पांढरे केस आले होते, तरी ते नाव काही सुटलं नव्हतं. यंदा स्काऊट पथकांचा प्रादेशिक मेळावा पहिल्यांदाच तिच्या हाती आला होता. चौदा पथकं, दोनशे बारा मुलं, दोन आठवड्यांनी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. तंबू, रांगा, स्वयंपाक, औषधपेटी, सगळ्याची आखणी तिने अशी चोख केली होती की बोट ठेवायला जागा नव्हती. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

तक्त्यात फक्त एक रकाना कोरा होता. 'मागाचा खेळ: मार्ग आणि जबाबदार व्यक्ती.'

दगड, काटक्या, गवताच्या गाठी यांच्या खुणा ठेवत कोणीतरी पुढे जायचं आणि मुलांनी त्या वाचत शेवट गाठायचा, असा तो खेळ. गेली बावीस वर्षं हा माग दादाच घालत. जन्मभर टपाल वाटलेला माणूस, चालणं हाडात मुरलेलं. मार्ग ते कोणालाही सांगत नसत. शेवटच्या वळणानंतर एखाद्या झाडाखाली स्वतः बसलेले असायचे आणि पोचेल त्याच्या हातावर लिंबाची गोळी ठेवायचे.

"येत्या शनिवारी चारला पालकांची बैठक आहे," ती म्हणाली. "पालकांच्या वतीने दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. मुलं कुठून जाणार आणि बरोबर कोण, हे लेखी दिलं नाही तर खेळ रद्द."

"त्या दात काढतात तेव्हा आधी मार्ग लेखी देतात का?"

"दादा!"

तिला खरं वेगळंच विचारायचं होतं. गेल्या हिवाळ्यापासून दादांच्या हातात काठी आली होती. त्या काठीबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे आणि तिचीही जीभ रेटत नव्हती. खेळ रद्द झाला तरी दादा दुखावणार आणि त्यांना बाजूला सारलं तरी दुखावणार. बाकी कशाला ती डरत नव्हती, पण इथे येऊन तिची आखणी थांबत होती.

दादांनी काठी उचलली. दारापाशी जाऊन ते वळले.

"शनिवारी सकाळी मैदानाच्या मोठ्या फाटकापासून माग असेल. काढ. मग लिही काय लिहायचं ते."

शनिवारी ती बरोबर आठला फाटकाशी होती. पहिला बाण लगेच दिसला. तीन काटक्यांचा, नीटस. दुसरा कुंपणाच्या खांबाशी. तिला गंमत वाटायला लागली. पाय आपोआप हलके पडले.

माग टेकडीकडे जाईल अशी तिची अटकळ होती. तो वळला तो थेट पाण्याच्या नळाकडे. नळाखाली खड्यांच्या नागमोडी रेघा होत्या, त्यावर फुली. पाणी आहे, पण पिऊ नका. तिने नळ सोडला. आधी तो खाकरला, मग गंजाचं तांबूस पाणी आलं आणि बराच वेळ तसंच येत राहिलं. तिच्या नकाशावर दोनशे बारा मुलं याच नळाचं पाणी पिणार होती. नळापर्यंतचं अंतर ती इंच इंच मोजून गेली होती, नळ सोडून पाहिला नव्हता.

पुढची फुली तिने स्वयंपाकासाठी आखलेल्या चौकोनाच्या मधोमध होती. इथे काय बिघडलं, तिला कळेना. तिने चिमूटभर सुकं गवत वर उडवलं. ते सरळ तंबूंच्या रांगेकडे गेलं. म्हणजे धूरही तिकडेच गेला असता.

"अस्सं," ती मोठ्याने म्हणाली. पेन्सिल काढून नकाशावर चुली तंबूंच्या पलीकडे सरकवल्या आणि पाण्याच्या टाकीची नोंद केली. दादा हेच बैठकीत चारचौघांत बोलले असते तर तिचं तोंड उतरलं असतं. म्हातारा पक्का होता.

तिसऱ्या वळणावर दगडांचा चौकोन होता, आत बारा खडे आणि एक बाण. बारा पावलांवर चिठ्ठी लपवली आहे. तिचं पाऊल पाऊण मीटरचं, कामाने घोटवलेलं. बारा पावलं टाकून तिने दगड उलथले. काही नाही. मग आठवलं की लहानपणी दादांच्या दोन ढांगांना तिची तीन पावलं पडायची, मागून धावताना धाप लागायची. म्हणून ती आणखी तीन पावलं पुढे गेली, झुडपात हात घातला, काटे टोचून घेतले. तिथेही काही नाही.

ती परत चौकोनापाशी आली आणि खाली वाकली. मऊ मातीत दादांच्या बुटांचे ठसे होते. प्रत्येक ठशाशेजारी काठीचं भोक. ठसे अगदी जवळजवळ होते. तिने कमरेची टेप काढून दोन ठशांमध्ये धरली. पंचेचाळीस सेंटीमीटर.

तिने पुन्हा मोजलं. पंचेचाळीसच.

टेप तिने हळूच मिटली आणि आपली पावलं टाकली. सात, वर वीतभर. तिथे सपाट दगडाखाली बिस्किटांचा डबा होता. डब्यात बावीस वर्षांच्या मागांचे बावीस कागद, टपाल्याच्या वळणदार अक्षरात. सगळ्यात वर तेविसावा. त्यावर फक्त मोठं फाटक काढलेलं होतं. पुढे कोरा.

डब्यामागे खड्यांचं वर्तुळ होतं, मध्ये एक दगड. 'मी घरी गेलो.' मागाची शेवटची खूण. दादांनी ती मुलांना दर वर्षी शिकवली होती, पण स्वतः कधी घातली नव्हती. शेवटाला ते स्वतःच बसलेले असायचे.

ती तिथे उकिडवी बसली. मग ते वर्तुळ तिने हाताने विस्कटून टाकलं आणि निघाली.

दादा घरी गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून बसले होते. वहिनींनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या.

"किती पावलांवर सापडला डबा?"

"बारा," ती म्हणाली.

चुकीचा पत्ता असलेल्या पाकिटाकडे बघावं तसं दादांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुला मोजायला कोणी शिकवलं?"

"सात," ती म्हणाली. "सात आणि एक वीत."

"हं." त्यांनी पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. "मग लिही आता त्या रकान्यात."

तिने तक्ता काढला आणि स्वतःचं नाव लिहिलं. दादा मान वाकडी करून वाचत होते.

"मुलांना पावलं कोणाची देणार? तुझी?"

"सगळ्यात लहान मुलीचं पाऊल आधी मोजेन. तेच माप."

"जमेल तुला," दादा म्हणाले.

तिने पेन्सिल खाली ठेवली नाही. आपल्या नावाखाली तिने आणखी एक ओळ लिहिली आणि तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. 'शेवटच्या खुणेपाशी: दादा.'

"ते वर्तुळ मोडून आलेय मी," ती म्हणाली. "तिथपर्यंत गाडी जाते. अंतर मोजलंय."

दादांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"खुर्ची पाठ टेकायची असू दे," ते म्हणाले. "आणि गोळ्या मी आणेन. तू भलत्या आणशील."